लाळ्या-खुरकुतावरचं औषध आधी कोणाला द्यायचं: उंदराला, गिनीपिगला की वासराला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमच्याकडच्या एका रेणूने (म्हणजे औषध होऊ शकेल अशा रसायनाने) बीएचके-२१ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये लाळ्या-खुरकुताचा विषाणू रोखला, तोही पेशींना अपाय न करता. आता पुढे काय? गाईड म्हणतात दूधपिते उंदीर घ्या. विभागातले दुसरे सर म्हणतात गिनीपिग. तुम्हाला वाटतं, औषध शेवटी गाईलाच द्यायचं आहे तर सरळ वासरंच का घेऊ नयेत? आणि हाच आराखडा पुढे लम्पीला चालेल का?

तिघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. पण प्राणी ठरवण्याआधी एक गोष्ट कागदावर लिहून काढा: गोठ्यात हे औषध कोणत्या जनावराला आणि संसर्गानंतर किती वेळाने दिलं जाणार आहे? प्रस्तावांमध्ये नेमकी हीच ओळ नसते, आणि ती नसली की पुढचं सगळं मॉडेल (औषध तपासायला प्राण्यात उभा केलेला रोग) चुकीच्या प्रश्नाचं उत्तर देत बसतं.

लाळ्या-खुरकुतात शेतकऱ्याचा फोन येतो तेव्हा लाळेच्या तारा लोंबत असतात, जिभेवरचं कातडं सोललेलं असतं, जनावर पाय झटकत असतं. रक्तातल्या विषाणूचं शिखर तोवर येऊन गेलेलं असतं किंवा उतरणीला लागलेलं असतं. पुढच्या दोन-तीन दिवसांत जनावराची स्वतःची प्रतिपिंडं तो साफ करतात. अशा वेळी विषाणूची वाढ रोखणारं औषध देऊन फारसं हाती लागत नाही. त्या जनावराला पोटॅशियम परमँगनेटने जखमा धुणं, तोंडात बोरोग्लिसरीन, मऊ चारा आणि कोरडी जागा याचाच उपयोग जास्त. औषधाचं खरं गिऱ्हाईक म्हणजे शेजारच्या दावणीची, अजून रवंथ करत असलेली जनावरं. त्यांना आज लस टोचली तरी भरवशाचं संरक्षण यायला आठवडाभर जातो. मधले ते दिवस झाकायचे, एवढंच औषधाकडून अपेक्षित आहे.

इथे इंग्लंडमधल्या पिरब्राइट या जनावरांच्या विषाणूंवर काम करणाऱ्या संस्थेतल्या गटाचं २०११ साली ‘सायन्स’मध्ये आलेलं काम जरूर वाचा. संसर्ग झालेल्या गाईंशेजारी निरोगी गाई ठरावीक तास ठेवून, रोग नेमका कधी पसरतो हे त्यांनी तपासलं. गाय सरासरी १.७ दिवसच संसर्ग पसरवते, आणि तेही लक्षणं दिसल्यावर साधारण अर्ध्या दिवसाने, असं निघालं. त्याआधी नाकातून, रक्तातून विषाणू सापडतो, पण शेजारणीला लागण होत नाही. म्हणजे पीसीआरमध्ये (विषाणूचं जनुकीय द्रव्य मोजणाऱ्या चाचणीत) आकडा कमी आला म्हणून औषधाने प्रसार थांबवला असं म्हणता येत नाही. प्रसार मोजायचा तर शेजारी जनावर ठेवूनच मोजावा लागतो.

आता उंदीर. दूधपित्या पिल्लांची पद्धत १९५१ पासूनची, पिरब्राइटच्या स्किनर यांची. पाच-सात दिवसांच्या पांढऱ्या उंदरांच्या पिल्लांना पोटात विषाणू टोचला की ती दोन-चार दिवसांत लुळी पडून मरतात. विषाणूचा टायटर म्हणजे प्रमाण काढायला, प्रतिपिंडं तपासायला ही पद्धत उत्तम होती. औषधासाठी मात्र ती अडचणीची. एवढ्याशा पिल्लाला तोंडावाटे दिवसातून दोनदा औषध देणं म्हणजे कसरत, यकृतातली विकरं (एन्झाइम) अजून पुरती तयार नसतात त्यामुळे औषध शरीरात कसं मोडतं याचा अंदाज चुकतो, आणि हाताळलेल्या पिल्लांना आईने नाकारणं किंवा खाऊन टाकणं हा धोका वेगळाच. (हातमोजे त्याच पिंजऱ्यातल्या भुशात चोळून घेतले की हे प्रमाण बरंच कमी होतं. पुस्तकात हे क्वचित असतं. प्राणिगृहातल्या जुन्या मदतनिसांना विचारा.)

प्रौढ उंदरांची सोय त्यापेक्षा बरी. सी५७बीएल/६ जातीचे प्रौढ उंदीर विषाणूच्या काही स्ट्रेनना (उपप्रकारांना) बळी पडतात आणि दोन-तीन दिवसांत मरतात, हे २००५ साली दाखवलं गेलं. प्रतिकारशक्ती नसलेल्या स्किड उंदरांवर २'-सी-मिथाइलसिटिडिन हा रेणू तपासला गेला आहे. रेणू सजीव शरीरात थोडं तरी काम करतो का, एवढ्या प्रश्नाला हे उंदीर पुरेसे. कमी रेणू लागतो, हेही महत्त्वाचं. पहिल्या खेपेला तुमच्याकडे काही ग्रॅमच असणार. पण गाईच्या तोंडात आणि खुरांच्या बेचक्यात येतो तसा फोडांचा आजार या उंदरांत दिसत नाही. विषाणू आणि मृत्यू, एवढंच मोजता येतं.

फोड पाहायचे तर गिनीपिग. हे मॉडेल शंभर वर्षांहून जुनं आहे. जर्मनीतल्या रीम्स बेटावर वाल्डमान आणि पापे यांनी १९२० साली ते बसवलं. याच बेटावर लोफ्लर यांनी १९१० मध्ये आपलं काम नेलं होतं. हा रोग गाळणीतून पार होणाऱ्या कारकामुळे होतो हे त्यांनी आणि फ्रॉश यांनी १८९८ मध्ये दाखवलं होतं; प्राण्यांच्या विषाणूचा तो पहिला पुरावा.

कृती सोपी वाटते, पण निकाल तिच्यावरच ठरतो. साधारण अर्ध्या किलोचं गिनीपिग घ्यायचं. एका हाताने छातीखाली धरायचं, दुसऱ्याने मागचा भार तोलायचा, नाहीतर ते उसळतं आणि पाठीला इजा होते. मागच्या एका पायाच्या तळव्याच्या कातडीत, कातडीखाली नव्हे, बारीक सुईने विषाणू सोडायचा. सुई बरोबर थरात असली तर दाब लागतो आणि पांढरट फुगवटा दिसतो. द्रव सहज आत गेला तर तुम्ही खोल गेलात. एक-दोन दिवसांत टोचल्या जागी फोड येतो, तो प्राथमिक. त्यानंतर दोन-तीन दिवसांत उरलेल्या तीन पायांवर आणि जिभेवर येतात ते दुय्यम. औषधाचा कस दुय्यम फोडांवर लागतो, कारण तिथे पोहोचायला विषाणूला रक्तातून जावं लागतं. प्राथमिक फोड आला म्हणून औषध नापास करू नका. गुण देणाऱ्याला कोणत्या पिंजऱ्यात औषध गेलं हे माहीत नसावं, आणि पिंजऱ्याच्या तळाशी जाळी नको, मऊ भुसा हवा. जाळीवर तळवे सोलवटतात आणि चौथ्या दिवशी तो ओरखडा की फुटलेला फोड यावर दोघांचं एकमत होत नाही.

बेल्जियमच्या गटाने हेच मॉडेल सुधारून २०१६ मध्ये टी-११०५ हा रेणू त्यावर तपासला आणि दुय्यम फोड लक्षणीयरीत्या रोखले गेले असं दाखवलं. टी-११०५ म्हणजे फॅव्हिपिराव्हिर या विषाणूविरोधी औषधाचाच भाऊबंद. काम नीटस आहे, पण दोन गोष्टी लक्षात घेऊन वाचा.

पहिली म्हणजे वेळ. औषध संसर्गाच्या थोडं आधी सुरू केलं होतं. पहिल्या प्रयोगात असंच करतात आणि करावंही, रेणूला सर्वांत सोपी परीक्षा आधी द्यावी. पण तुमच्या आराखड्यात आणखी दोन गट घाला: संसर्गानंतर १२ तासांनी आणि २४ तासांनी सुरुवात. चोवीस तासांच्या गटात काहीच फरक पडला नाही, तर हे औषध फक्त प्रतिबंधक आहे हे तुम्हाला वासरांवर पैसे घालण्याआधी कळेल.

दुसरी गोष्ट विषाणूची. गाईचा विषाणू गिनीपिगला सहसा सरळ लागत नाही, आधी त्याचे गिनीपिगमध्ये अनेक पॅसेज करून (एकातून दुसऱ्यात पुन्हापुन्हा टोचून) तो रुळवावा लागतो. या रुळण्यात विषाणूच्या ३ए या प्रथिनातला एकच अमिनो आम्ल बदल निर्णायक ठरू शकतो, हे २००१ मध्ये दिसून आलं. तुमचा रेणू ३डी म्हणजे विषाणूच्या जनुकांच्या प्रती काढणाऱ्या पॉलिमरेजवर काम करत असेल तर फार बिघडत नाही. तो ३ए किंवा त्याच्याशी जोडलेल्या पेशीतल्या यंत्रणेवर काम करत असेल, तर तुम्ही मूळ रोगाच्या विषाणूवर चाचणी करतच नाही आहात. म्हणून रुळवलेला स्ट्रेन आणि मूळ स्ट्रेन दोन्ही पेशींमध्ये शेजारी-शेजारी लावून रेणूची ताकद आधी मोजा. ओ, ए आणि एशिया-१ हे आपल्याकडचे विषाणूचे तिन्ही सेरोटाइप (प्रकार) त्याच वेळी उरकून घ्या.

यापुढे माझं मत बहुतेक गाईडांना रुचत नाही, पण सांगतो. संसर्गाचा एकही उंदीर वापरण्याआधी दोन-तीन निरोगी वासरांना औषध देऊन रक्तातली पातळी मोजा. यात विषाणू नाही, त्यामुळे बंदिस्त प्रयोगशाळा लागत नाही. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची आणि मोठ्या जनावरांसाठी सीसीएसईएची (प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय समितीची) परवानगी मात्र लागते, तिचा अर्ज लवकर टाका. कारण साधं आहे. गाईचं कोटीपोट म्हणजे पहिलं पोट शंभर लिटरच्या घरातलं आंबवणीचं पिंप आहे. तोंडावाटे दिलेला रेणू तिथे पातळ होतो, सूक्ष्मजीव त्याला मोडतात, आणि उरलेला चौथ्या पोटात सावकाश उतरतो. उंदराच्या रक्तात छान चढलेला रेणू गाईच्या रक्तात दिसतच नाही, असं होऊ शकतं. उलटही घडतं: रेमडेसिव्हिर हे विषाणूविरोधी औषध उंदराच्या रक्तातल्या एस्टरेज नावाच्या एका विकरामुळे इतकं लवकर मोडतं, की ते विकर काढून टाकलेले खास उंदीर वापरावे लागले. साध्या उंदरांवरच निकाल लावला असता तर रेणू टाकाऊ ठरला असता.

वासरं परवडत नसतील तर शेळ्या घ्या, त्याही रवंथ करणाऱ्या. फक्त शेळी पुष्कळ औषधं गाई-मेंढ्यांपेक्षा लवकर बाहेर टाकते हे ध्यानात ठेवा. जंतनाशकाचा मेंढीचा डोस शेळीला कमी पडतो, हे आपण रोजच्या कामात पाहतोच.

आणि हिशेब करा. टी-११०५ सारख्या रेणूंचे परिणाम रोज दर किलोमागे काहीशे मिलिग्रॅम अशा मात्रेवर दिसले आहेत. समजा ४०० मिलिग्रॅम. चारशे किलोच्या गाईला तीच मात्रा म्हणजे रोज १६० ग्रॅम, पाच दिवसांचे ८०० ग्रॅम शुद्ध रेणू. एका गाईसाठी! मोठ्या जनावराला दर किलोमागे कमी औषध पुरतं हे खरं, म्हणून आकडा खाली येईल. तरी तो किती खाली यायला हवा हे पहिल्याच दिवशी कळलेलं बरं.

डुकराबद्दल थोडं. टी-११०५ डुकरांना दिल्यावर लक्षणं आलीच नाहीत, असा जपानमधला निकाल आहे. डुक्कर हे या रोगाचं खरंखुरं यजमान, शेजारच्याला पटकन लागण देणारं, श्वासातून भरपूर विषाणू सोडणारं. मॉडेल म्हणून उत्तम, पण पोट एकाच कप्प्याचं. शिवाय डुकरात चाललं म्हणजे गाईत चालेलच असं नाही, याचं ठळक उदाहरण इंटरफेरॉनचं (विषाणू आल्यावर पेशी सोडतात त्या बचावाच्या प्रथिनांचं) आहे. अमेरिकेतल्या प्लम आयलंड इथल्या पशुरोग संशोधन केंद्राच्या गटाने अ‍ॅडिनोव्हायरसच्या वाहकातून इंटरफेरॉन-अल्फाचं जनुक डुकरांना टोचलं आणि दुसऱ्या दिवशी विषाणू दिला, डुकरं वाचली. गाईंवर तोच मार्ग अपुरा पडला, रोग फक्त लांबला आणि सौम्य झाला. पुढे गाईचंच इंटरफेरॉन-लॅम्डा ३ वापरल्यावर चांगलं संरक्षण मिळालं. सारखा विषाणू, सारखी कल्पना, पण गाईच्या तोंडा-घशाच्या आवरणातल्या पेशी वेगळ्याच संदेशाला दाद देतात. ही गोष्ट उंदीर किंवा गिनीपिगमध्ये कधीच कळली नसती.

वासरांच्या चॅलेंज चाचणीचा (मुद्दाम विषाणू देऊन संरक्षण तपासण्याचा) साचा लसींसाठी तयारच आहे: जिभेच्या वरच्या कातडीत दोन ठिकाणी मिळून १०,००० संसर्गमात्रा, आठ दिवस निरीक्षण, आणि जिभेखेरीज पायावर फोड आला तर जनावर असुरक्षित. औषधासाठी मी हा साचा जसाच्या तसा वापरू देणार नाही. जिभेत एवढा विषाणू थेट टोचणं म्हणजे गोठ्यातल्या लागणीपेक्षा कितीतरी कठोर हल्ला. बरं औषधही त्यात हरेल. लागण झालेलं जनावर शेजारी ठेवून होणारा संसर्ग हाच तुमच्या प्रश्नाला जवळचा. सोबत प्रोबँग या साधनाने घशातले नमुने २८ दिवसांच्या पुढेही घ्या. लांब तारेच्या टोकाची ती छोटी वाटी घशात उतरवून, खरवडून आणलेल्या द्रवात विषाणू राहिला आहे का, ते पाहायचं. लक्षणं दाबली पण जनावर वाहक राहिलं (घशात विषाणू बाळगून राहिलं), हा निकालही नोंदवायलाच हवा.

हे सगळं आपल्याकडे फक्त उच्च जैवसुरक्षेच्या ठिकाणीच होऊ शकतं. लाळ्या-खुरकुतासाठी भुवनेश्वरजवळची आयसीएआरची राष्ट्रीय संस्था हे त्यातलं मुख्य ठिकाण. आणि एक अडचण परदेशी शोधनिबंधांत सापडणार नाही. २०१९ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात दर सहा महिन्यांनी लसीकरण चालू आहे, त्यामुळे लस न टोचलेलं, संसर्ग न झालेलं वासरू शोधणं हेच मोठं काम होऊन बसतं. लसीकरणाच्या वेळी लावतात तो कान-बिल्ला नाही म्हणून वासरू कोरं समजू नका. चिकातून मिळालेली आईची प्रतिपिंडं काही महिने टिकतात. रचनात्मक प्रतिपिंडांची (लसीनेही येतात त्यांची) तपासणी आणि ३एबीसी एलायझा (संसर्ग होऊन गेल्याची प्रतिपिंडं शोधणारी रक्तचाचणी), दोन्हीत निगेटिव्ह निघालेलीच वासरं घ्या, आणि गरजेपेक्षा बरीच जास्त तपासायची तयारी ठेवा.

आता लम्पी. इथे आराखडा जवळजवळ नव्याने मांडावा लागतो. उंदीर-गिनीपिगचं भरवशाचं मॉडेल नाही, त्यामुळे गाय हेच मॉडेल. पण प्रयोगात विषाणू थेट शिरेतून दिला तरी साधारण निम्म्याच जनावरांच्या अंगभर गाठी येतात. बाकीच्यांना ताप येतो, लसिकाग्रंथी सुजतात, किंवा तेवढंही होत नाही. याचा संख्याशास्त्रावर काय परिणाम होतो पाहा. लाळ्या-खुरकुतात पाच औषधाची आणि पाच बिनऔषधाची वासरं घेतली, बिनऔषधाची पाचही आजारी पडली आणि औषधाचं एकही नाही, तर हे निव्वळ योगायोगाने होण्याची शक्यता २५२ मध्ये एक. लम्पीत सहा-सहा गाई घ्या. बिनऔषधाच्या तिघींना गाठी आल्या, औषधाच्या एकीलाही नाही. दिसायला निकाल झकास, पण तो योगायोगाने येण्याची शक्यता अकरात एक. एवढ्यावर कोणी औषध मान्य करणार नाही. तेव्हा एकतर गट मोठे करा, नाहीतर ‘गाठी आल्या की नाही’ याऐवजी रोजचा ताप, रक्तातला विषाणू आणि गाठींची संख्या असे मोजमापाचे निकष लावा. शिवाय २०२२ च्या साथीनंतर आपल्या गाईंना मोठ्या प्रमाणावर शेळ्यांच्या देवीची लस टोचली गेली, कारण तिचा विषाणू लम्पीच्या विषाणूचा जवळचा नातलग. या गटातल्या विषाणूंविरुद्धचं संरक्षण बरंचसं पेशींमार्फत असतं; प्रतिपिंडं कमी किंवा न दिसणारी असली तरी गाय सुरक्षित असू शकते. एलायझा निगेटिव्ह म्हणून ती रोगाला बळी पडेल असं धरून चालू नका.

लम्पीची एक जमेची बाजू म्हणजे रोग सावकाश वाढतो, त्यामुळे औषधाला वेळ मिळतो. पण तिथेही वेळेचा मुद्दा सुटत नाही. लम्पीच्याच विषाणू-कुळातल्या, माणसांच्या देवी रोगावरचं टेकोव्हिरिमॅट अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झालं ते माकडं आणि ससे यांच्यातल्या परिणामांवर, कारण देवीचे रुग्णच उरले नव्हते. त्या माकडांमध्येही उशिरा सुरू केलेल्या उपचारात वाचणाऱ्यांचं प्रमाण घसरत होतं. पुढे काँगोमध्ये एमपॉक्स या देवीसारख्याच रोगाच्या रुग्णांवर प्रत्यक्ष चाचणी झाली, आणि २०२४ मध्ये जाहीर झालेल्या निकालात पुरळ लवकर बरी झाली नाही. रुग्ण पुरळ आल्यावरच येतो, गाय गाठी आल्यावरच दाखवली जाते. तुमच्या लम्पीच्या आराखड्यात ‘पहिली गाठ दिसल्यावर सुरुवात’ हा गट नसेल तर तो घाला.

तुम्ही ओघात आयव्हरमेक्टिन या जंत-गोचिडांवरच्या औषधाचंही विचारलंय. पेशींमध्ये ते लम्पीचा विषाणू दाबतं हे खरं, पण मायक्रोमोलर मात्रेत. गाईला नेहमीचा दर किलोमागे २०० मायक्रोग्रॅमचा डोस कातडीखाली दिल्यावर रक्तात मिलिलिटरमागे काही दशक नॅनोग्रॅमच चढतात, म्हणजे एका मायक्रोमोलरच्या विसाव्या भागाच्या आसपास. गोचीड-माश्यांसाठी द्या, विषाणूसाठी नको.

शेवटी कामाचं. तुमचा रेणू फॅव्हिपिराव्हिर किंवा रिबाव्हिरिनच्या कुळातला असेल तर युरोपीय संघाची २०२२ ची यादी आधी उघडा. ही दोन्ही, आणि ओसेल्टामिव्हिरसारखी आणखी काही, माणसांसाठी राखून ठेवलेली आहेत. जनावरांत वापरायला तिथे बंदी आहे. नवा रेणू असेल तर दुधात किती दिवस उतरतो हे त्याच पहिल्या निरोगी जनावरांच्या चाचणीत मोजून घ्या. त्यासाठी कालवडींऐवजी एक-दोन दुभत्या गाई घ्याव्या लागतील. नैतिकता समितीच्या अर्जात तसं आत्ताच लिहा, नंतर बदल करायला पुन्हा सगळी फाइल फिरवावी लागते.